पालकाची सही

बोटीवर जायच्या आदल्या रात्री बाबा
फुलस्केपच्या डझनभर कोऱ्या कागदांवर
खाली उजवीकडे सही करून ठेवायचे.
वर तू लिही, म्हणायचे, लागेल ते.
आजारपण, सहल, उशिरा भरलेली फी, वर्गातली मारामारी.
घोडपदेवच्या आमच्या खोलीत
लोखंडी कपाटात, आईच्या बांगड्यांच्या डब्याखाली
माझा बाप नऊ नऊ महिने
असा तळाला सही होऊन पडलेला असायचा.

मी लिहायचो : माझा मुलगा निनाद यास ताप आल्यामुळे.
ताप मलाच, कळवणारा मीच.
सातवीपर्यंत स्वतःबद्दल मला
'माझा मुलगा' एवढंच लिहिता येत होतं.

फोन यायचा डर्बनहून, सिंगापूरहून,
मागे इंजिनाची घरघर.
आईला त्रास देऊ नको. मार्क किती?
बोलणं पोचायला दीड सेकंद लागायचा.
त्या दीड सेकंदात मी वाढलो.

बाबा फिटर. त्यांच्या बोटीवरचा बोसन रोडेल,
फिलिपिन्सचा, इलोइलोचा. त्याची अ‍ॅनालिन माझ्याच वयाची.
दोघा बापांनी मेसमध्ये बसून आमची ओळख करून दिली
शेजारणी वाटीभर विरजण देतात तशी.
पुढे कळलं, तिचा वाढदिवस माझ्या बापाला पाठ,
माझा तिच्या.

एका रात्री अडीच वाजता,
तिच्याकडे पाच वाजले होते,
तिने लिहिलं : तीन आठवडे कॉलेजला गेले नाही.
नर्सिंगचा युनिफॉर्म घालून निघते
आणि जेट्टीवर बसून राहते.
मी लिहिलं : मी भाऊच्या धक्क्यावर.
मासे उतरवणाऱ्या बायका आता मला
बूड उचल म्हणतात, नाव विचारत नाहीत.

ती म्हणाली, आमच्यात एक शब्द आहे,
उतांग ना लोओब. आतलं ऋण.
आईबापाचं. फिटत नाही, फेडत राहायचं.
मी म्हटलं, आमच्यात पांग फेडतात.
उतांग. पांग.
अंधारात दोन्ही मोठ्याने म्हणून पाहिले.
आई कूस बदलून म्हणाली, काय रे?
काही नाही, म्हटलं. झोप.

केईएमच्या ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
घरी कोण कोण असतं?
मी म्हटलं, आई. आणि सही.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

मे महिन्यात बाबा आले.
न गळणारा नळ दुरुस्त केला, मग दाराची बिजागरी.
मग माझ्या गोळ्यांची पट्टी चष्मा वर करून
गेज वाचावं तशी वाचली.
रोडेलची पोरगी पण घेते?
विचारून सांगतो, म्हटलं.
बराच वेळ नखांतलं ग्रीस कोरत बसले.
मग नळाकडे बघत म्हणाले,
मलाही झोप नाही. चौदा वर्षं झाली.
वॉच असतो, असं सांगत आलो तुम्हाला.
आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला,
तवा मात्र तापत राहिला.

या वेळी निघताना विचारलं त्यांनी,
सवयीनेच, किती कागद ठेवू?
मी बावीस वर्षांचा आहे, बाबा.
हो की, म्हणाले, आणि पेनाचं टोपण
उगाच दोनदा लावलं.
मग मीच एका कागदावर खाली सही केली.
माझी. बरीच वाकडी, कारण आजवर
सराव त्यांच्याच सहीचा केलेला.
वर तुम्ही लिहा, म्हटलं. लागेल ते.
त्यांनी चार घड्या घातल्या
आणि सीडीसीच्या पुस्तकात ठेवला.

अ‍ॅनालिन काल वर्गाच्या दारापर्यंत जाऊन आली.
बोट एडनच्या पुढे आहे, रेंज नाही.
कागदाचं अजून काही कळलेलं नाही.